बुधवारचा वर्ग आणि बेताल हृदय

सातवीच्या वर्गात मी फळ्यावर भीमा नदी काढत होते. खडू भीमाशंकरहून निघून उजनीच्या धरणापर्यंत आला आणि माझ्या छातीत काहीतरी सुटलं. 'सुटलं' याहून बरा शब्द मला अजून सापडलेला नाही. दुखलं नाही, कळ आली नाही. ठोके एकमेकांवर पडायला लागले. एक मोठा, मग दोन-तीन घाईघाईत, मग काहीच नाही. ते 'काहीच नाही' संपायची वाट बघत मी फळ्याला हात टेकून उभी राहिले.

"मॅडम, नदी पुढं काढा की," मागून एक मुलगी म्हणाली. मी वळले आणि माझा चेहरा बघून ती मुख्याध्यापिकांकडं धावली.

मुख्याध्यापिकांनी रिक्षा बोलावली आणि स्वतः शेजारी बसून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. ईसीजीची पट्टी त्यांनी उजेडाकडं धरली. "बाई, याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल गेलाय. ते धड आकुंचन पावत नाहीत, नुसते थरथरतात."

"मी मरणार आहे का?"

"आज नाही," ते हसून म्हणाले. मला धीर द्यावा म्हणूनच म्हणाले असणार. पण मी ते दोनच शब्द उचलले आणि घरी घेऊन आले. आज नाही. मग कधी?

पेढे

गोळ्यांनी ताल जागेवर येईना, म्हणून मला रुग्णालयात ठेवलं. पहाटे रक्त काढायला कुणीतरी यायचं, मग अंग पुसणं, मग बेचव उपमा, मग डॉक्टरांची फेरी. त्याच्या मधला सगळा वेळ मी डोक्याजवळच्या पडद्यावरची माझीच हिरवी रेघ बघत पडून राहायचे. रेघ अडखळली की माझा श्वास अडखळायचा. एका नर्सबाईंनी ते पाहिलं. काही न विचारता त्यांनी तो पडदा भिंतीकडं फिरवला. "मावशी, मालिका बघितल्यासारखं बघू नका की ते. बघायला आम्ही हाय." त्या आजारपणात माझ्यावर झालेला पहिला उपकार तो.

मग मला गुंगी देऊन छातीवर विजेचा झटका दिला. जागी झाले तेव्हा हृदय शहाण्यासारखं चालत होतं. माझे पती बसवराज यांनी आख्ख्या वॉर्डात पेढे वाटले. त्यांचं सोलापुरात, मंगळवार पेठेत किराणा मालाचं दुकान आहे. एरवी हात आखडता, पण त्या दिवशी लिफ्टवाल्यालासुद्धा थांबवून पेढा दिला.

काही आठवड्यांनी भाजी घेताना ठोके परत बिघडले. मेथीची जुडी हातात होती. मी एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि मनात आलेला पहिला विचार असा होता की, आता यांना सांगायचं कसं? यांनी पेढे वाटलेत.

डॉक्टरांनी समजावलं. हा आजार येतो-जातो, पुढं एखादी प्रक्रिया करता येईल, तोवर गोळ्या. त्यातली एक रक्त पातळ ठेवणारी. "थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, त्याची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. म्हणून ही गोळी मला विचारल्याशिवाय सोडायची नाही." मी मान डोलावली. त्यातलं 'मेंदूत जाऊ शकते' एवढंच माझ्या कानात राहिलं.

कडी

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सांगायला मला आवडत नाही. पण हे लिहायचं तर तेच सांगायला हवं.

मी शाळेतून रजा घेतली. जिना चढणं सोडलं. डाव्या कुशीवर झोपलं की ठोके उशीत ऐकू यायचे, म्हणून ती कूस सोडली. बोटं सतत मनगटावर. पाहुण्यांशी बोलताना, देवाला दिवा लावताना, वरणाला फोडणी देतानासुद्धा. चूळ भरताना हिरडीतून थोडं रक्त आलं, तर तासभर आरशासमोर तोंड उघडून उभी.

आणि बसवराज. ते माझ्याहून जास्त घाबरले होते, आणि त्यांना घाबरता येत नसल्यामुळं ते ओरडायचे. "कशाला उठायलीस? सुम्म कुंदरू!" गप्प बस, असं कन्नडमध्ये. आमच्या घरात राग आला की कन्नड बाहेर येतं. न्हाणीघराची कडी लावायची नाही, असा त्यांनी नियम केला. आत पडले तर दार फोडावं लागेल म्हणून. मी अंघोळ करत असायचे आणि हे बाहेरून दर थोड्या वेळानं "सुनंदा?" करायचे. एकदा उत्तर द्यायचं राहिलं, तर दार ढकलून आत आले. अंगावर साबण, हातात तांब्या. मी तो तांब्या त्यांच्या दिशेनं भिरकावला. त्यांना लागला नाही. दोघंही रडलो, पण वेगवेगळ्या खोल्यांत.

मी निरवानिरव करायला लागले होते. चांगल्या साड्या जावेला दिल्या. एका सकाळी बसवराजांना म्हणाले, "या, आमटी कशी करायची ते शिकून घ्या."

"मला कशाला शिकवायलीस? कुठं निघालीस तू?"

"शिकून ठेवा की."

त्यांनी गॅस बंद केला आणि न जेवता दुकानात गेले. त्या दिवशी मला खरंच वाटलं की, जे व्हायचं ते एकदाचं होऊन जावं. रोज वाट बघण्यापेक्षा ते बरं. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं वाटत असेल, तर त्यांना कळावं म्हणून लिहिते. असं वाटतं. वाटलं तर डॉक्टरांना सांगा. मी फार उशिरा सांगितलं.

मोबाईलवरचा वर्ग

आमची मुलगी गौरी हैदराबादला असते. तिनं पुण्यातल्या एका रुग्णालयाचा ऑनलाईन वर्ग शोधून काढला. याच आजाराच्या रुग्णांसाठी, दर बुधवारी दुपारी, मोबाईलवर. मला विचारलंसुद्धा नाही, नाव घालून मोकळी झाली.

"मोबाईल बघून कुठं काळीज बरं होतंय?" बसवराज म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. आयुष्यभर मुलांना शिकवलं, आता या वयात मीच बाकावर बसायचं?

शिकवायला ज्योती सिस्टर होत्या. पडद्यावर आम्ही दहा-बारा चौकटी. कुणाचा पंखा दिसायचा, कुणाचा नुसता कान. पहिलाच तास पक्षाघातावर निघाला. "धडधड तुम्हाला घाबरवते," सिस्टर म्हणाल्या, "पण खरी घाबरायची ती गुठळी, आणि ती आवाज करत नाही. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं, तर थांबायचं नाही. लगेच मोठं रुग्णालय. आणि तोंडात काही घालायचं नाही. पाणी नाही, गोळी नाही. गिळता आलं नाही तर ते फुप्फुसात जातं."

मी मोबाईल पालथा घातला आणि उठले. गौरीला फोन करून म्हणाले, "मला मारायला हा वर्ग लावलास का?"

पुढच्या बुधवारी पुन्हा बसले त्याचं कारण दत्तूभाऊ. हे बार्शीचे. धान्याच्या बाजारात मापाडी होते, म्हणजे आडतीवर, दलालाच्या गाळ्यावर, येणारा माल मोजून द्यायचं काम. पहिल्या तासाच्या सुरुवातीला ओळख करून देताना म्हणाले होते, "जनमभर लोकांची ज्वारी मापली, आता आपलंच काळीज मापात राहीना. मला लई भ्या वाटतं, शिस्टर. रडू येतं. गड्यानं रडावं का न्हाय, ते पन सांगा तुमच्या वर्गात."

कुणी हसलं नाही. सिस्टर म्हणाल्या, "रडावं की." एवढ्या महिन्यांत मला वाटत होतं ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते.

मग मी बसत गेले. धडधड सुरू झाली की आधी काय करायचं, किती वेळ वाट बघायची, कधी दवाखाना गाठायचा, हे कुणीतरी न चिडता, पुन्हा पुन्हा सांगत होतं. एकदा घरीच ठोके बिघडले, तेव्हा मी सांगितल्यासारखी बसले, डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेतली, आणि संध्याकाळी ते आपोआप शांत झाले. रिक्षा बोलवावी लागली नाही. बसवराज समोर बसून होते, ओरडले नाहीत. पण भीती गेली असं म्हणणार नाही. ती फक्त थोडी लांब जाऊन बसली होती.

दत्तूभाऊ मला 'बाई' म्हणायचे. वर्ग संपल्यावर कधी फोन करायचे. "बाई, ते गुठळीचं परत सांगा की जरा. शिस्टर लई भरभर बोलतात." मी सांगायचे. शिकवायची सवय कुठं जाते?

त्या बुधवारी

त्या दिवशी आहाराविषयी चाललं होतं. बसवराज दुपारचं जेवून, दुकान उघडायला निघण्याआधी पलंगावर पाठ टेकून पडले होते. सिस्टरांनी दत्तूभाऊंना काहीतरी विचारलं. ते "व्हय" म्हणाले, पण तो शब्द ओला आणि लांब आला. मी वर पाहिलं. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा खाली ओघळला होता.

"दत्तूभाऊ, हसा बघू," मी मध्येच म्हणाले.

ते हसले. अर्धं तोंड हसलं.

"सिस्टर!" मी ओरडले. त्यांनीही पाहिलं होतं. "दत्तात्रयकाका, दोन्ही हात वर करा." डावा वर गेला, उजवा मांडीवरून हलला नाही. ते त्या हाताकडं बघत राहिले, दुसऱ्याच कुणाचा असावा तसे.

घरात कोण आहे, ते त्यांना सांगता येईना. सिस्टरांनी रुग्णवाहिकेला कळवलं आणि त्यांच्या पत्नीचा, कमलताईंचा नंबर लावला. तो फोन वाजलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. दत्तूभाऊंच्याच खोलीत, पडद्याच्या आतून. कमलताई फोन घरी ठेवून कुठंतरी गेल्या होत्या. तो वाजत राहिला आणि त्यांना उठून घेता येत नव्हता.

"पत्त्यावर नुसतं गल्लीचं नाव आहे," सिस्टर म्हणाल्या. "कुणी बार्शीचं आहे का?"

कुणी नव्हतं.

बसवराज उठून माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. "बार्शीचा मापाडी ना? थांब." त्यांची तूरडाळ बार्शीहून येते. त्यांनी तिथल्या त्यांच्या आडत्याला फोन लावला. "शेठ, तुमच्या बाजारातला दत्तू मापाडी. हां, तोच. घर माहीत हाय का कुणाला? मग हमाल पाठवा, गाडी पाठवा, आत्ताच्या आत्ता. तोंड वाकडं झालंय त्याचं. कसं कळलं ते नंतर सांगतो, आधी माणूस पाठव की रे बाबा!"

इकडं दत्तूभाऊंचा डावा हात शेजारच्या तांब्याकडं गेला.

"पाणी नाही! दत्तूभाऊ, पाणी पिऊ नका!" मी मोबाईल तोंडाजवळ धरून ओरडले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. म्हणजे पडद्याकडं. ओठ हलले. 'बाई' म्हणायचं असावं. मग ते कलंडले, फोन पडला, आणि आम्हाला फक्त पत्र्याचं छत आणि फिरणारा पंखा दिसू लागला. तांब्या गडगडत गेल्याचा आवाज आला.

ती मधली वेळ. मी बोलत राहिले. "येतायत दत्तूभाऊ, माणसं येतायत. कुशीवर राहा. मी इथंच आहे." काय काय बोलले, आठवत नाही. माझं स्वतःचं हृदय केव्हाच ताल सोडून गेलं होतं. कानात, घशात, दातांत ठोके. चौकटींतले सगळे तसेच बसून होते, एकही जण निघून गेला नाही. कुणीतरी देवाचं नाव घेत होतं. पलीकडून घरघर ऐकू यायची, मग थांबायची. ती थांबली की मी मोठ्यानं हाक मारायचे. इतकं असहाय मला स्वतःच्या आजारपणातसुद्धा वाटलं नव्हतं. तो माणूस माझ्या तळहातावर होता आणि मला त्याचं डोकंही उचलता येत नव्हतं.

मग दार आपटलं. "अण्णा! ओ अण्णा! धर रं, पाय धर!" पंखा झाकला गेला, आडत्यानं पाठवलेल्या हमालांपैकी एक अनोळखी चेहरा वाकला. सिस्टर ओरडून सांगत होत्या, कुठं न्यायचं, कसं धरायचं, तोंडात काही घालू नका. चौकट काळी झाली.

मी मोबाईल खाली ठेवला, बसवराजांनी माझं मनगट धरलं. "तुझं काय व्हायलंय?"

"बिघडलंय. बसू द्या मला."

त्यांनी बसू दिलं.

वॉर्ड

बार्शीत तपासून दत्तूभाऊंना लगेच सोलापूरला हलवलं. वेळेत आले, असं डॉक्टर म्हणाले. 'वेळेत' याचा अर्थ जीव वाचला, आणि पाय थोडा चालेल. उजवा हात आणि बोलणं यांचं काही सांगता येत नव्हतं.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा कमलताई खाटेच्या कडेला बसल्या होत्या. त्या दुपारी मळ्यात भुईमुगाच्या शेंगा तोडायला गेल्या होत्या, नखांत अजून माती होती. त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही. "दाढ काढली व्हती ओ. रगत थांबंना, म्हनून ह्यांनी ती गोळी बंद केली. दोन दिस म्हनले, आन मग घेतलीच न्हाय. मला म्हनले, बंद केल्यापास्नं बरं वाटतंय. मला काय ठावं?"

दत्तूभाऊंनी मला ओळखलं. तोंड उघडलं. एक आवाज आला, मग दुसरा. शब्द येत नव्हता, आणि येत नाही हे त्यांना कळत होतं. डोळ्यांतून पाणी आलं ते मात्र दोन्ही बाजूंनी सारखं आलं.

मी बाहेर आले आणि जिन्यात बसले. मी स्वतःलाच बघून आले होते. आदल्याच आठवड्यात हिरडीतल्या रक्तावरून जाऊबाई मला म्हणाल्या होत्या, "ते रक्त पातळ करायचं औषध म्हणजे विषच. सोड की." आणि मी त्यावर विचार करत होते.

"मी त्या वर्गाला बसणार नाही आता," मी बसवराजांना म्हणाले. "मला नाही जमणार. पुन्हा कुणाचं तरी तोंड वाकडं होताना बघायचं? प्रत्येक चौकटीत मी तेच शोधत बसेन."

ते शेजारच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "तू 'हसा' म्हणालीस, तेव्हा मला कळलंच नव्हतं काय झालंय ते. मी त्याच्याजवळ असतो तर त्याला पाणी पाजलं असतं."

दोन बुधवार मी बसले नाही. सिस्टरांचा फोन आला, उचलला नाही. दिवस पुन्हा पूर्वीसारखे झाले. मनगट, आरसा, उशी.

मग कमलताईंचा फोन आला. दत्तूभाऊ घरी आले होते.

"बाई, तुमी क्लासला जात न्हाय म्हनं?"

"भीती वाटते, कमलताई."

"मला पन वाटती. आता हे तर बोलत न्हाईत. गोळी कवा द्यायची, काय झालं तर काय करायचं, समदं मलाच बघायचं हाय. शिस्टर म्हनल्या, तुमी बसा की त्यांच्या जागी. मी म्हनलं, मी अडानी, मला काय कळनार त्यातलं. तर म्हनल्या, बाई समजावून सांगतील. आन बाईच न्हाईत. मग मी कुनाला इचारू?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढचा बुधवार बघितला.

मी बरी झालेली नाही, हे स्पष्ट सांगते. पुढची प्रक्रिया करायची की नाही हे ठरायचं आहे, आणि त्याचीही भीती वाटते. शाळेत अर्धा दिवस जाते. बसवराजांनी कडीचा नियम मागं घेतला, पण अजून न्हाणीघराबाहेर घुटमळतात, ते मला दाराखालच्या फटीतून दिसतं. दिसू देते. दुसऱ्यांसाठी सांगण्यासारखं माझ्याकडं फार थोडं आहे. दात काढायचा असो, रक्त आलेलं असो, गोळी स्वतःच्या मनानं सोडू नका, डॉक्टरांना विचारा. आणि भीतीसाठी एक तरी माणूस शोधा, ज्याला तीच भीती आहे.

त्या फोननंतरच्या बुधवारी दुपारी चौकटी एकेक करून उजळत गेल्या. एका चौकटीत नुसतं कपाळ होतं, मोठं कुंकू लावलेलं, आणि मागं खाटेवर भिंतीला टेकून बसलेले दत्तूभाऊ.

"आयकू येतंय का समद्यास्नी?" कपाळ म्हणालं.

माझे ठोके जेवणापासूनच वेडेवाकडे पडत होते. मी सकाळची गोळी घेतल्याची खात्री केली, उशीला टेकून बसले आणि म्हणाले, "येतंय, कमलताई. फोन जरा खाली धरा. चेहरा दिसू द्या तुमचा."